मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं आणि मधले दोन आठवडे

मोतीबिंदू म्हणजे आता काय, पंधरा मिनिटांचं काम, सकाळी गेलं की दुपारी जेवायला घरी, असं मला ज्याने त्याने सांगितलं, आणि ते खोटं नाहीये. पण त्या पंधरा मिनिटांच्या आधी कागदपत्रांचे आणि तपासण्यांचे जे दोन-तीन महिने जातात त्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि एक डोळा झालाय नि दुसरा व्हायचाय या मधल्या काळात जे काय काय दिसतं ते तर मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितेय. मी ठाण्यात नौपाड्याला राहते, वय ५८, घरीच साड्यांना फॉल-बिडिंग, पिको आणि ब्लाउजची शिलाई करते, म्हणजे दिवसभर डोळ्यांचंच काम.

सुरुवात उलटीच झाली. गेल्या दिवाळीच्या आसपास मला चष्म्याशिवाय जवळचं दिसायला लागलं, चाळिशी लागल्यापासून चष्मा नाकावर असल्याशिवाय सुईत दोरा ओवला नव्हता आणि एकदम आपला चष्मा न लावता दोरा आत. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नशीबवान आहात, या वयात चष्मा सुटला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हे मोतीबिंदूचंच एक लक्षण असू शकतं. डोळ्यातली नैसर्गिक लेन्स मधोमध घट्ट होत जाते, त्यामुळे प्रकाश जास्त वळतो, डोळ्याला मायनस नंबर येतो, म्हणून जवळचं सुधारतं आणि लांबचं बिघडतं. हे सुख काही महिने टिकतं, मग दोन्ही जातं. तेव्हा घरात कुणा साठीच्या माणसाचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला तर पेढे वाटायच्या आधी डोळे दाखवून घ्या.

लांबचं बिघडलंय हे मला टीएमटीच्या बसमुळे कळलं, सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर, उभी असताना बसचा नंबर अगदी पुढ्यात येईपर्यंत वाचता येईना. आणि रात्री घोडबंदर रोडने रिक्षातून येताना समोरच्या गाड्यांच्या हेडलाइटभोवती हे एवढे किरण फुटायचे. दोऱ्यांचं म्हणाल तर काळं, नेव्ही ब्लू आणि बॉटल ग्रीन ही तीन रिळं ट्यूबलाइटखाली मला एकच दिसायला लागली होती, मी सरळ गॅलरीत नेऊन उन्हात बघायचे. आमचे हे म्हणायचे नवीन बल्ब लाव, तो पण लावून झाला.

डिसेंबरात गोखले रोडवरच्या नेहमीच्या चष्मेवाल्यांकडे गेले. त्यांनी बराच वेळ भिंगं बदलून बघितली आणि म्हणाले, काकू, हे चष्म्याने होणारं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नंबर काढून चष्मा गळ्यात मारता आला असता, त्यांनी नाही केलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली अपॉइंटमेंट मिळाली, फी ७००. पहिल्याच खेपेला बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास जवळचं काही दिसत नाही आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत, त्यामुळे सोबत माणूस हवंच आणि पर्समध्ये गॉगल हवा. फोनवर रिक्षा बुक करणार असाल तर ते सोबतच्यालाच करायला सांगा. तक्त्यावर उजवा डोळा ६/१८ आणि डावा ६/१२ निघाला. म्हणजे चांगल्या डोळ्याला जी ओळ १८ मीटरवरून वाचता येते ती मला उजव्याने ६ मीटरवर आल्यावर वाचता येते.

मला धक्काच बसला, कारण मी रोज काम करत होते की! डॉक्टर मॅडमनी एक डोळा झाकून बघायला लावलं तेव्हा उजव्याचा कारभार कळला. दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू ज्याचं चित्र बरं आहे त्यावर जास्त भिस्त ठेवतो आणि दुसऱ्याचं गबाळं चित्र मागे टाकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक चांगल्या डोळ्यातसुद्धा जिथून नस बाहेर पडते तिथे एक जागा असते जिला काहीच दिसत नाही, पण जगाला भोक पडलेलं आपण कधी बघितलंय का? मेंदू ते भरून काढतो. रंगांचंही तेच. लेन्स वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी पडते, जुना पारदर्शक प्लास्टिकचा डबा पडतो तशी, आणि निळा-जांभळा प्रकाश आत कमी जायला लागतो, पण रोजचा फरक इतका बारीक असतो की मेंदू तेवढ्यालाच पांढरं म्हणायला लागतो. त्यामुळे "मला तर सगळं नीट दिसतंय" या वाक्यावर फार जाऊ नका, घरी कॅलेंडरसमोर उभं राहून आलटून-पालटून एकेक डोळा झाकून बघा, फुकटचं काम आहे.

माझ्या सासूबाईंच्या वेळी "अजून पिकला नाही, पिकू दे" म्हणायचे. तेव्हा मोठी चीर देऊन कडक झालेली लेन्स अख्खी बाहेर काढायचे. आता फेको पद्धतीत अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने ती आतल्या आत फोडून शोषून घेतात, त्यामुळे जास्त पिकलेला आणि कडक झालेला मोतीबिंदू उलट त्रासाचा. रोजच्या कामाला अडायला लागलं की करायचं, असं मॅडम म्हणाल्या.

आता लेन्सची निवड, इथे खरं डोकं फिरतं. काउन्सेलर म्हणून एक मुलगी असते ती रंगीत कार्ड समोर ठेवते. मला एका डोळ्याचे मिळालेले आकडे असे: भारतीय मोनोफोकल ३२,०००, इम्पोर्टेड मोनोफोकल ५५,०००, मल्टिफोकल १,०५,०००. मोनोफोकल म्हणजे एकाच अंतरावर स्वच्छ दिसणार, बाकीला चष्मा. मल्टिफोकलमध्ये जवळचं-लांबचं दोन्ही बरंचसं चष्म्याशिवाय, पण आत येणारा प्रकाश वाटला जातो, म्हणून कमी उजेडात थोडं फिकं दिसू शकतं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. शिवाय कुठलीही घेतली तरी ती तरुणपणीच्या लेन्ससारखी आकार बदलून फोकस करत नाही. काउन्सेलर मल्टिफोकलकडे ढकलत होती, राग नाही, तिचं ते काम आहे. मॅडमनी मात्र एकच विचारलं, दिवसभरात काय बघता? म्हटलं, काळ्या साडीवर काळ्या दोऱ्याचा टाका. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला कॉन्ट्रास्ट हवा, मोनोफोकल घ्या, लांबचं सेट करू, शिवताना चष्मा लावा. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तर वेगळं येईल, पण डॉक्टरांना आपलं काम नीट सांगा, "नॉर्मल घरकाम" म्हणू नका. आणि खर्चाच्या भीतीने थांबू नका, सरकारी दवाखान्यांत राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली हे ऑपरेशन मोफत होतं, तो कार्यक्रम १९७६ पासून आहे. आमच्या मजल्यावरच्या आजींचं तसंच झालं आणि छान झालं.

लेन्सचा नंबर काढायला बायोमेट्री करतात, १,५०० रुपये. हनुवटी टेकवायची आणि दिव्याकडे बघायचं, बस. त्यात डोळ्याची लांबी मोजतात, साधारण २३-२४ मिलिमीटर असते, आणि त्यात एक मिलिमीटर जरी इकडचा तिकडे झाला तरी नंबर अडीच-तीनने चुकतो, म्हणून दोनदा मोजा म्हणाले तर कंटाळू नका. तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर आधीच सांगा, त्या काही दिवस बंद ठेवायला लागतात.

मग मेडिक्लेम. मुलगा ऐरोलीला कंपनीत आहे, त्याच्या ग्रुप पॉलिसीत आम्ही दोघं आहोत. त्यात मोतीबिंदूला एका डोळ्याला ४०,००० ची मर्यादा आहे, हे पॉलिसीच्या कुठल्यातरी तळाच्या तक्त्यात लिहिलेलं. तुमची स्वतःची पॉलिसी असेल तर मोतीबिंदूला बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, आधी ते बघा. दुसरं, आमचं पॉलिसी वर्ष ३१ मार्चला संपत होतं, नव्या वर्षात काय नियम येतील कोण जाणे, म्हणून दोन्ही डोळे मार्चच्या आत करायचं ठरलं. कॅशलेससाठी ई-कार्ड, आधार, मुलाचं कंपनीचं ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बायोमेट्रीचा रिपोर्ट दिला. टीपीएकडून, म्हणजे इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी आली: त्रास कधीपासून आहे आणि ऑपरेशनची गरज काय. चिठ्ठीत ६/१८ लिहिलेलं होतं पण "चष्म्याने सुधारणा होत नाही" हे वाक्य नव्हतं. ते लिहून घेतल्यावर मंजुरी आली. तुम्ही पहिल्याच चिठ्ठीत ते लिहून घ्या, मधला आठवडा वाचेल.

रक्त, शुगर, ईसीजी मिळून १,८०० च्या आसपास, फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट वेगळं. रक्त पातळ करायची गोळी किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर न विसरता सांगायचं, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते. आमच्या ह्यांची चालू आहे, पुढेमागे त्यांचीही पाळी येणारच, म्हणून मी आत्ताच लिहून ठेवलंय.

२५ फेब्रुवारी, बुधवार, उजवा डोळा. सकाळी आठला बोलावलं, नाव लागलं साडेदहाला. तोपर्यंत दर थोड्या वेळाने एक सिस्टर येऊन थेंब घालून जायच्या. इंजेक्शन नाही, थेंबांनीच बधिर करतात. आत गेल्यावर तोंडावर हिरवं कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक, पापणी मिटू नये म्हणून चिमटा. सुरी दिसेल ही माझी भीती होती, तर तसं काही दिसत नाही. दिसतो तो उजेड. आधी पांढरा, मग त्यात गुलाबी आणि निळे ढग सरकत होते, एकदा सगळं हिरवट झालं, मशीनची बारीक किणकिण आणि कानाकडे पाणी ओघळतंय. लेन्स निघाली तेव्हा सगळं विरघळून नुसता प्रकाश राहिला, नवी लेन्स घडी घालून आत सोडली तशी ती उलगडली आणि दिव्याला एकदम कडा आल्या. हे रंग बऱ्याच जणांना दिसतात म्हणे, त्यामुळे दिसले तर घाबरू नका. आणि खोकला आला तर न हलता आधी सांगायचं, एवढी एकच शिस्त.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, डिस्चार्जची फायनल मंजुरी यायला पावणेतीन तास. बिल ५५,०००, इन्शुरन्सने दिले ४०,०००, आपल्या खिशातून १५,००० आणि वर इन्शुरन्स ज्यांचे पैसे देत नाही अशा वस्तूंचे १,८५०. डब्यात उपमा नेला होता म्हणून बरं.

नंतरचं पथ्य म्हणजे थेंब, थेंब आणि थेंब. एक अँटिबायोटिक, एक स्टेरॉइडचं जे दर आठवड्याला कमी करत जायचं, तक्ता फ्रीजवर चिकटवला आणि सुनेने फोनवर अलार्म लावून दिले. दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची, आणि एकच थेंब पुरतो, डोळ्यात तेवढीच जागा असते, दुसरा गालावरच जातो. थेंब घातला की घशात कडू लागायचं, कारण डोळ्यातून नाकात उतरणारी नळी आहे. नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने हलकेच दाबून धरला की कडूपणाही कमी आणि औषधही डोळ्यातच राहतं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, केस धुवायचे तर डोकं मागे करून दुसऱ्याकडून धुवून घ्यायचे, फोडणीच्या धुरात जायचं नाही. मधे धुळवड आली, मी दिवसभर दार लावून घरात.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि हॉलची भिंत बघितली. उजव्याने बघितली तर पांढरी, जवळजवळ निळसर पांढरी. डावा डोळा उघडून उजवा झाकला तर तीच भिंत चहाचा डाग पडल्याइतकी पिवळी. मी कितीतरी वेळ डावा-उजवा, डावा-उजवा करत बसले होते. मग रिळांचा डबा काढला. ज्या रिळांना मी काळी म्हणून एका कप्प्यात ठेवलं होतं त्यात एक नेव्ही होतं, एक चक्क वांगी रंगाचं. डाव्याने बघितलं की सगळी परत काळी. उजव्याने गॅलरीतली गोकर्णीची फुलं बघितली, तर इतकी निळी की खोटी वाटावीत.

क्लोद मोने म्हणून फ्रेंच चित्रकार होता, त्याचं १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर रंग बदलले म्हणून तो वैतागला होता. एक डोळा झालेल्या माणसाला हे आपोआप पटतं. कुठला रंग खरा? मी गिऱ्हाइकाला मॅचिंग देताना उजव्या डोळ्याचं मत धरलं.

रंगाची मजा होती, अंतराची नव्हती. एक डोळा लांबचं लख्ख बघणारा आणि दुसरा मायनस नंबरचा नि अंधुक, चष्म्याने ही जोडी जुळत नाही कारण दोन्ही चित्रांचा आकारच वेगळा पडतो. कपात चहा ओतताना धार कडेला. सॅटिसच्या पायऱ्या उतरताना कठडा सोडवेना. पण सगळ्यात विचित्र रस्ता ओलांडताना. कडेला उभी राहिले की उजवीकडून येणारी जवळच्या लेनची बस आहे त्यापेक्षा अंगाशी आल्यासारखी वाटायची आणि पलीकडच्या लेनमधून उलट जाणाऱ्या गाड्या आहेत त्यापेक्षा लांब. उभ्या गाडीचं असं काही नाही, फक्त चालत्या गाडीचं.

फॉलोअपला सांगितलं तर डॉक्टर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या याला पुल्फ्रिख इफेक्ट म्हणतात. ज्या डोळ्यात उजेड कमी पोचतो त्याची खबर मेंदूला किंचित उशिरा मिळते, सेकंदाचा अगदी बारीक अंश, पण चालती वस्तू तेवढ्यात पुढे गेलेली असते. म्हणजे एका डोळ्याला बस इथे दिसते आणि दुसऱ्याला मघाची, थोडी मागे. दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरूनच मेंदू अंतर ठरवतो, तो इथेही इमानदारीत हिशेब करतो आणि चुकीचं अंतर देतो. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने हे १९२२ मध्ये मांडलं, आणि त्याला स्वतःला एका डोळ्याने दिसत नव्हतं, म्हणजे त्याला हा परिणाम कधी बघताच आला नाही.

घरी येऊन मी दोऱ्याला कोटाचं मोठं बटण बांधलं आणि ह्यांना समोर उभं करून झोके द्यायला लावलं. ते सरळ डावीकडून उजवीकडे हलवत होते आणि मला बटण लंबगोल फिरताना दिसत होतं. एक डोळा मिटला की सरळ. ह्यांना पटेना, मग त्यांच्या एका डोळ्यासमोर गॉगलची काच धरली, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा म्हटलं. "अगं, फिरतंय की हे!" मग सून, मग नातू, मग शेजारच्या वहिनी, संध्याकाळभर आमच्याकडे बटण हलत होतं. तुम्हीही करून बघा, चांगल्या डोळ्यांनाही दिसतं.

पण यावरून एक कामाची गोष्ट: मधल्या दिवसांत गाडी चालवू नका आणि रस्ता सिग्नललाच ओलांडा, जांभळी नाक्याच्या गर्दीत तर सोबत कोणीतरी असू द्या. आणि दोन ऑपरेशनांत फार महिने घालवू नका, अर्थात डॉक्टर म्हणतील तेवढं अंतर ठेवायलाच हवं.

११ मार्चला डावा डोळा. परत प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसची आधी घ्यायची मंजुरी, परत तेच कागद, एकदा मंजूर झालं म्हणून दुसऱ्या डोळ्याला आपोआप मिळत नाही. या वेळी रंग कमी दिसले आणि दुखलं मात्र जास्त, म्हणजे दुखलं असंही नाही, जाणवलं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी बऱ्याच जणांची ही तक्रार असते, काहीतरी चुकलं असं समजू नका.

पाडव्यापर्यंत दोन्ही डोळे एका रंगात आले. घर एवढं मळकं होतं हे मला माहीतच नव्हतं, पंख्याच्या पात्यांचा विषय नकोच. भिंतीची ती निळसर झाक मात्र हळूहळू गेली, एप्रिलच्या मध्याला भिंत नुसती पांढरी. लेन्स तीच आहे, पांढरं कशाला म्हणायचं ते मेंदूने परत एकदा ठरवून घेतलं. थोडं वाईटच वाटलं मला, गोकर्णीही आता साधी निळीच आहे.

चष्म्याचा नंबर पक्का व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, घाईने बनवू नका. माझा जवळचा अडीच आला, मशीनसाठी थोड्या लांबच्या अंतराचा वेगळा दीडचा केला, दोन्ही मिळून २,४००. मशीनची सुई आणि हातातली सुई वेगळ्या अंतरावर असतात हे चष्मेवाल्याला टेप लावून दाखवा. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धुरकट दिसायला लागलं तर घाबरू नये, नव्या लेन्समागचं पातळ आवरण जाड होतं आणि ते लेसरने काही मिनिटांत मोकळं करतात, असं मॅडमनी आत्ताच सांगून ठेवलंय.

शेवटचं कागदाचं. लेन्सच्या बॉक्सवरचं स्टिकर, ज्यावर पॉवर आणि सीरियल नंबर असतो, ते डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि फोटो काढून ठेवा, क्लेमलाही लागतं आणि पुढच्या डॉक्टरांनाही. ऑपरेशननंतरचे थेंब आणि फॉलोअपची बिलं आमच्या पॉलिसीत ६० दिवसांपर्यंत मिळतात पण ती वेगळी टाकावी लागतात आणि प्रत्येक बिलासोबत त्याची चिठ्ठी लागते, नुसतं मेडिकलवाल्याचं बिल परत येतं. उजव्या डोळ्याचे पैसे जमा झाले, डाव्याचं अजून "अंडर प्रोसेस" दाखवतंय.